चौदा नंबरचा निकाल लागला का? विद्यापीठांतलं संशोधन आणि आपलं गाव (धागा)

वाचनालयवाला (अकोट तालुका) | रविवार, सकाळी ८.१०

मंडळी, रामराम.

आमच्या घरामागच्या विहिरीच्या कठड्यावर लाल ऑइलपेंटनं १४ हा आकडा लिहिलेला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात कॉलेजातली चार पोरं आणि त्यांचे सर जीप घेऊन आले होते. दोन बाटल्या पाणी भरलं, आईची एका फॉर्मवर सही घेतली, विहिरीला नंबर टाकला. आईनं सगळ्यांना झुणका-भाकर आणि ठेचा वाढला. जाताना सर म्हणाले, दोन महिन्यांत निकाल कळवतो. तेव्हापासून आमच्या घरात ही म्हणच पडलीय. पीक विम्याचे पैसे रखडोत की नातवाची मार्कशीट, आई विचारते, "चौदाचा निकाल लागला का रे?"

मी गावचं वाचनालय सांभाळतो. विद्यापीठांच्या आणि संशोधनाच्या बातम्यांची कात्रणं एका जाड रजिस्टरात चिकटवायची जुनी सवय आहे. परवा झड लागली, वाचनालयात कोणी फिरकेना, म्हणून रजिस्टर चाळत बसलो. निम्म्या बातम्या आपल्याच वावराच्या, ढोरांच्या आणि रक्ताच्या निघाल्या. गावात विचारलं तर एकालाही ठाऊक नाही.

एक नमुना देतो, गिधाडांचा. मी शाळेत होतो तेव्हा मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. १९९० नंतरच्या दहा वर्षांत गिधाडं अशी गेली की लोक म्हणाले, मोबाईलच्या टॉवरनं गेली. टॉवर तर आमच्याकडे नंतर आला! खरं कारण २००४ मध्ये सापडलं: डायक्लोफिनॅक. दुखणं कमी व्हावं म्हणून जनावराला टोचायचं स्वस्त औषध. ते अंगात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडायचे. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

आता नवी गोष्ट. २०२४ मध्ये शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त हिशेब मांडला. जिथं पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे एका बाजूला आणि जिथं मुळातच नव्हती ते दुसऱ्या बाजूला. गिधाडं गेल्यावर पहिल्या गटात माणसांच्या मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलेलं निघालं. २००० ते २००५ या काळात मिळून सुमारे ५ लाख जादा मृत्यू. सडलेली ढोरं नाल्यात, वाढलेली कुत्री, पिसाळलेल्या कुत्र्यांचे चावे. आमच्या गावात त्याच सुमारास कुत्र्यांनी इतका उच्छाद मांडला होता की पोरं शाळेत काठी घेऊन जायची. आम्ही त्याला नशीब म्हणत होतो.

तर प्रश्न असा. विद्यापीठातलं काय तुमच्या गावापर्यंत पोचलं, आणि काय बाटलीत भरून गेलं ते परत आलंच नाही?

कापूसकोंडा (यवतमाळकडचा) | रविवार, सकाळी ८.५२

भाऊ, तुमच्या विहिरीले नंबर तरी भेटला. माह्या वावरात पाटी गाडून गेल्ते, 'प्रात्यक्षिक प्लॉट' म्हणून. कायचं प्रात्यक्षिक ते पुसून गेलं. पाटी आता गोठ्याच्या खिडकीले लावली, पावसाचं पाणी आत येत नाई. तेवढा फायदा झाला म्हना.

माह्या सवाल कापसाचा हाये. बीटी आलं तवा म्हणे अळी लागतच नाई. २०१७ ले बोंड फोडलं तं आत गुलाबी अळी सरकी खाऊन बसेल. बाहेरून बोंड टकाटक! फवारनीत लोकं मेले त्या साली आमच्या जिल्ह्यात. मंग बीटीत अळी लागली काहून? दुकानदाराले इचारलं तं तो दुसरी बाटली काढून दाखोते. कात्रणात उत्तर असंन तं टाका.

निवृत्त_पशुधन | रविवार, सकाळी ९.३०

गिधाडांचं वाचलं आणि थोडा वेळ गप्पच बसलो. ते इंजेक्शन मी हजारो ढोरांना टोचलं आहे. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी वखराला जायचा, मालक खूश, आम्ही खूश. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात तर रांग लागायची. गिधाडाचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

बंदीनंतरचं मात्र तुमच्या कात्रणात नसेल, म्हणून सांगतो. २००६ नंतर जनावरांची बाटली गेली, पण माणसांसाठीची ३० मिलिलिटरची बाटली मेडिकलमध्ये मिळतच होती आणि लोक तीच बैलाला टोचत होते. म्हणून २०१५ मध्ये सरकारनं माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपेक्षा मोठी नको असा नियम केला. बैलाला एवढ्याशा बाटल्या किती फोडणार? कंटाळूनच माणूस सोडून देतो. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडाला चालतं, ते आता सगळीकडे मिळतं. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही दोनही जनावरांसाठी बंद झाली. ढोरं पाळणाऱ्यांनी डॉक्टरला नाव विचारून घ्यावं, लाजू नये.

कृषिकन्या_अकोला | रविवार, सकाळी १०.१५

कापूसकोंडा काका, नमस्कार. मी अकोल्याला बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आत्ताच 'रावे' संपवून आले, म्हणजे ज्यात आम्ही कृषिदूत-कृषिकन्या गावात राहतो आणि मारुतीच्या पारासमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढतो. (पोरं नकाशावरून सायकली घालतात, तो भाग वेगळा.)

तुमच्या 'काहून'चं उत्तर. बीटी कापसाच्या झाडात एका जिवाणूचा जीन घातलेला असतो. त्यामुळे पानाबोंडात एक विष तयार होतं आणि ते अळीच्या आतड्यावर काम करतं. आपल्याकडे २००२ मध्ये एका जीनचं बियाणं आलं, २००६ मध्ये दोन जीनचं. लाखो अळ्या मेल्या, पण हजारांत एखादी अशी निघते की तिला विष पचतं. वावरात सगळीकडे बीटीच असेल तर फक्त अशाच अळ्या जगतात, त्यांचेच पतंग होतात आणि एकमेकांशीच जुळतात. दहा-पंधरा वर्षांत सगळं खानदान विष पचवणारं. त्यात गुलाबी अळीचं पोट मुख्यतः कापसावरच, दुसरीकडे फारशी जात नाही. आपण फरदड ठेवून (म्हणजे वेचणी संपली तरी कापूस तसाच उभा ठेवून) तिला मार्च-एप्रिलपर्यंत घरचं जेवण देतो.

आता खरी बातमी. हीच अळी, हेच बीटी, अमेरिकेत ॲरिझोनातही. तिथं ती संपली. २०१८ मध्ये त्यांनी देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. ॲरिझोना विद्यापीठाच्या ब्रूस तबाश्निक यांच्या गटानं २०२१ मध्ये त्याचा हिशेब छापला. तिथल्या शेतकऱ्यांनी बीटीच्या शेजारी साधा कापूस नेमानं लावला, म्हणजे साधे पतंग जिवंत राहिले आणि विष पचवणाऱ्यांशी जुळले. त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. २००६ पासून विमानातून वांझ केलेले पतंग सोडले, अब्जावधी. पतंगांना जोडीदार मिळायचा, पण अंडी फुकट.

काका, एक विचारू? बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, नॉन-बीटीची. तिचं तुम्ही काय केलं?

कापूसकोंडा | रविवार, सकाळी १०.४०

खरं सांगू पोरी? एक साल धुऱ्यावर फेकली. दुसऱ्या साली बी उगोलं नाई तिथले खाडे तिनंच भरले. तिसऱ्या साली पाकिटासंगं कचऱ्यात. दुकानदार म्हणे, "हे कायले लावता, याले अळी लागते." आता समजलं, अळी लागावं म्हनूनच होती ते!

पुडीवर बारीक अक्षरात लिहेल होतं म्हणे. १२० ग्रामात एवढा मोठा इचार भरला आन सांगाले एक मानूस नाई पाठोला.

कृषिकन्या_अकोला | रविवार, सकाळी १०.५५

म्हणून तर आता साधं बी पाकिटातच मिसळून येतं, फेकायला पुडीच नाही 🙂

या हंगामापुरतं सांगते. पऱ्हाटीला पाती लागल्या की डोमकळी शोधा. फूल उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून चिकटलेल्या दिसतात. ती तोडून उघडा, आत बारीकशी अळी सापडेल. तिथल्या तिथं चिरडा. कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार करा. मादीच्या वासाच्या दोऱ्या झाडाला बांधायचं तंत्रही आता आलंय. सगळ्या वावरात तोच वास, मग नर भांबावतो आणि मादी सापडत नाही. पण हे एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या वावरातला पतंग धुरा विचारून येत नाही. आणि डिसेंबरअखेर कापूस काढून टाका, प्लीज.

जीवन_२००४ | रविवार, सकाळी ११.०५

कोणाला बी.ए. सेम ४ चा निकाल कधी लागेल ते माहीत आहे का? दोन महिने झाले परीक्षा होऊन.

संपादक | रविवार, सकाळी ११.२०

जीवन, परीक्षा आणि निकालांसाठी वेगळा धागा आहे, तिकडे विचारा. (तिकडेही उत्तर नाहीये, पण सोबत बरीच आहे.)

मण्यार (सर्पमित्र, आर्वीकडे) | रविवार, दुपारी १.१०

माझ्या खात्याची बातमी टाकतो. मे २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात कोलंबिया विद्यापीठाचे पीटर क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोध आला. अमेरिकेत टिम फ्रीड नावाचा एक माजी ट्रक मेकॅनिक आहे. त्यानं जवळपास अठरा वर्षं स्वतःला सापाचं विष थोडं थोडं टोचून घेतलं, शेकडो वेळा, वर सापांचे दंशही घेतले. (असलं काही करून पाहू नका. माझा एक दोस्त फक्त 'नाग ओळखीचा आहे' म्हणून गेला.) त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं (विषाला निकामी करणारी प्रथिनं) आणि एक औषध मिळून मिश्रण तयार केलं आणि उंदरांवर तपासलं. १९ जातींच्या सापांपैकी १३ जातींच्या विषापासून उंदीर पूर्ण वाचले, बाकीच्यांपासून काही प्रमाणात.

पेपरात मथळा होता, 'सर्व सापांवर एकच औषध'. नाही हो! ते १९ साप सगळे नाग-मण्यारच्या कुळातले आहेत. आपल्या पऱ्हाटीत, कुटाराच्या ढिगात माणसाला जी गाठते ती घोणस दुसऱ्या कुळातली. फुरसंही तिकडचंच. त्यांच्यावर हे मिश्रण तपासलेलंच नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेचं काम. आपल्याकडचं प्रतिविष कसं बनतं माहीत आहे? तमिळनाडूतल्या इरुला लोकांची सहकारी संस्था साप पकडून विष काढते, ते थोडं थोडं घोड्याला टोचतात आणि घोड्याच्या रक्तातून औषध काढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही मिळून एकच बाटली. सुनगर यांच्या गटानं दाखवलं की एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात वेगळं असतं, त्यामुळे तिकडच्या विषावर बनवलेलं औषध सगळीकडे सारखं लागू पडत नाही. आर्वीची घोणस आणि चेन्नईजवळची घोणस दिसायला बहिणी, पण स्वयंपाक निराळा.

आकडाही सांगून ठेवतो. टोरंटो विद्यापीठाच्या प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अंदाज मांडला की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली आणि बहुतेक घरीच. घरीच, म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत.

मागच्या भादव्यात रात्री दोनला फोन आला. पोराच्या पोटात दुखतंय आणि पापण्या उघडत नाहीत. घरच्यांना वाटलं शिळं खाल्लं. पोरगं खाली सतरंजीवर झोपलेलं होतं. बॅटरी मारून पाहिलं तर कानामागे दोन टाचणीएवढे ठिपके, सूज नाही, रक्त नाही. मण्यार अशीच चावते, डास चावल्यासारखी. एक काका फडकं आवळून बांधायला निघाले होते, त्यांच्या हातून ते अक्षरशः ओढून घेतलं. गाडीवर मधे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, पोरगं वाचलं. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. हा शोध जुनाच आहे, कोणाच्या नावावर नाही.

पुणेकर_मूळचा_दर्यापूरचा | रविवार, दुपारी २.३५

वाचनालयवाले काका, तुमच्या विहिरीवरून आठवलं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: क्योटो विद्यापीठाचे सुसुमू कितागावा, मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलेचे ओमर याघी. यांनी धातू आणि कार्बनी रेणू जोडून असे स्फटिक बनवले की आत नुसत्या खोल्याच खोल्या. चमचाभर पावडरीतल्या भिंती पसरल्या तर फुटबॉलचं मैदान झाकेल. याघींनी त्यातलाच एक प्रकार वापरून वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवलं. रात्री हवेतली वाफ खोल्यांत शिरते, दिवसा उन्हानं बाहेर पडते, तिचं पाणी होतं.

याघी हे अम्मानमध्ये, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात वाढले. त्यांच्याकडे नळाला पाणी आठवड्या-दोन आठवड्यांनी काही तास यायचं आणि भांडी भरायचं काम त्यांच्याकडे होतं. हे वाचलं आणि दर्यापूरचं आमचं घर आठवलं. ड्रम, बादल्या, गुंड, शेवटी चहाची भांडीसुद्धा भरून ठेवायचो.

कापूसकोंडा | रविवार, दुपारी २.५०

पुणेकर भाऊ, आमच्याकडच्या मे महिन्यातल्या हवेत घाम सोडून दुसरी वाफच नाई. ते पावडर घामावर चालंन का ते इचारा तुमच्या नोबेलवाल्याले 😄

पुणेकर_मूळचा_दर्यापूरचा | रविवार, दुपारी २.५८

चालेल, पण पहिला ग्लास तुम्ही प्यायचा.

लोणारवाला | रविवार, दुपारी ४.२०

आमचं लोणारचं सरोवर कसं विसरलात? आम्ही शाळेत घोकलं होतं, उल्का पडून ५२ हजार वर्षं झाली. मग ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या फ्रेड जुर्डान यांच्या गटानं खडकातल्या आरगॉन वायूवरून वय काढलं. निघालं सुमारे ५ लाख ७० हजार! दहापट म्हातारं झालं की हो सरोवर, तेही आम्हाला न विचारता. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात कोणी देवीचा कोप म्हटलं, कोणी कंपनीचं केमिकल. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आहेत. बाटली थोडी ठेवली की गुलाबी गाळ खाली बसायचा आणि वर पाणी स्वच्छ. हा निकाल मात्र महिन्या-दोन महिन्यांत आला, कारण कोर्ट मागे लागलं होतं. तुमच्या आईंनी कोर्टात जायला हवं होतं.

धानोऱ्याची_आशा (गडचिरोली) | रविवार, रात्री ९.०५

दिवसभर गृहभेटी होत्या, आत्ता वाचलं सगळं. वाचनालयवाले दादा, तुमचं दुःख समजतं, पण आमच्याकडे उलटं झालंय ते सांगते.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा. ज्या गावांत हे केलं तिथं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. हे दोघं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परत आलेले. २०११ मध्ये ते देशभराच्या आशांच्या कामात आलं. आता मी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाकडे जाते. बाळ घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीपण. गंमत बघा, शोध इथं माझ्या जिल्ह्यात लागला आणि फॉर्म माझ्याकडे दिल्लीहून आला.

श्वास मोजणं सोपं वाटतं. पूर्ण एक मिनिट, अर्ध्या मिनिटाला दोननं गुणायचं नाही. बाळाचं झबलं वर करायचं, पोटाकडे बघायचं आणि आजीला तेवढा वेळ गप्प बसवायचं, हे सगळ्यात अवघड. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. पुन्हा साठ आले की गाडी बोलवायची. मागच्या महिन्यात एकसष्ट, मग चौसष्ट. आजी म्हणत होती, नजर लागली. बाळ आता बरं आहे, फोटो टाकत नाही, त्याच्या आईला आवडत नाही.

आता जे अजून पोचलं नाही ते. सिकलसेल, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्याकडे घराघरात आहे. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्यावरच्या, जीनमध्ये बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यामागचं तंत्र शोधणाऱ्या दोन बायकांना, एमान्युएल शारपांत्ये आणि जेनिफर डाउडना यांना, २०२० मध्ये नोबेल मिळालं होतं. मी ही बातमी एका पेशंट मुलीला वाचून दाखवली. तिनं विचारलं, कितीला आहे? २२ लाख डॉलर. ती हसली आणि तिची नेहमीची हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतली. तोवर आमचं काम तपासणीचंच. आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता. हे लग्नाआधी बोलायला गेलं की लोक दार लावून घेतात. 'गुण जुळतात' हे ऐकायला सगळे तयार, रक्त जुळतं का विचारलं की राग.

तासिका_तत्त्व | रविवार, रात्री ११.४०

मी वरोऱ्याकडे एका कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, नावाप्रमाणेच तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, ते कधी येतील ते सांगता येत नाही, उन्हाळ्यात काहीच नाही. नव्या धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीनं विषय वाढले, माणसं तेवढीच. रडगाणं इथंच थांबवतो.

आमच्या तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या रानात शेणाच्या गोळ्यांसारखे दगड मिळतात, कारण ते शेणच आहे, डायनोसोरांचं. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. आत गवताच्या पेशींतले वाळूचे कण, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. त्यातली काही भात आणि बांबू यांच्या जवळच्या नात्यातली. त्याआधी सगळ्या पुस्तकांत होतं की गवत आलं ते डायनोसोर संपल्यावर. 'सायन्स'मध्ये ते छापून आलं आणि पुस्तकं बदलावी लागली. मी दर वर्षी पोरांना घेऊन जातो. एकदा एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, आम्ही हे गोफणीत घालून पाखरं हाकलत होतो." सहा-सात कोटी वर्षांचं शेण, गोफणीत!

आता जे सांगायला हा एवढा वेळ लावला ते. वाचनालयवाले, तुमच्याकडे आलेल्या जिपेत मी नव्हतो. पण माझी स्वतःची पीएच.डी. विहिरींच्या पाण्यावरच आहे. ४२ विहिरी. मीही ऑइलपेंटनं नंबर टाकले, जेवलो, "निकाल कळवतो" म्हणालो. मनापासून म्हणालो. मग प्रयोगशाळेत नंबर लागायला पाच महिने, त्यानंतर मार्गदर्शक म्हणाले आधी शोधनिबंध छापून येऊ दे, मग नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या. ते ४२ आकडे आज काळ्या बांधणीच्या पुस्तकात आहेत. एक प्रत ग्रंथालयात, एक माझ्या कपाटात, आणि स्कॅन 'शोधगंगा'वर, म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध ठेवतात त्या संकेतस्थळावर. त्यात सात विहिरींत फ्लोराइड मर्यादेबाहेर होतं. त्या सात घरांना मी कळवलं नाही.

तुमच्या विहिरीचं असं असू शकतं की तिचा आकडाही 'शोधगंगा'वर कुठल्या तरी तक्त्यात पडून असेल. पूर्णा खोरं, खारपाण (तुमच्याकडचा खाऱ्या पाण्याचा पट्टा), भूजल असे शब्द टाकून बघा. सगळं इंग्रजीत आहे, नावं नाहीत, फक्त नंबर.

धानोऱ्याची_आशा | सोमवार, सकाळी ६.१५

सर, त्या सात घरांत लहान मुलं असतील. दातावर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात का ते तरी बघून या. फोन नका करू, जाऊन या.

तासिका_तत्त्व | सोमवार, सकाळी ६.५०

या रविवारी जातो. मराठीत एक-एक पान छापून नेतो.

वाचनालयवाला | सोमवार, रात्री ८.३०

आज दुपारी नातवाला बसवून 'शोधगंगा'वर तीन तास शोधलं. खारपाणपट्ट्यावर बरंच आहे, वाचून डोळे फिरले. आमचं गाव एका नकाशात ठिपका म्हणून दिसलं, तक्त्यात नाही. म्हणजे चौदा तिथं नाही, किंवा आहे पण आम्हाला ओळखू आला नाही.

कृषिकन्या_अकोला | सोमवार, रात्री ८.४५

काका, जुना शोधत बसण्यापेक्षा नवा नमुना द्या ना. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत थोडी फी भरून तपासून देतात. स्वच्छ प्लास्टिकची लिटरची कॅन घ्या, त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा खळखळून धुवा, मग काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. जंतूंसाठी मात्र त्यांच्याकडचीच निर्जंतुक बाटली लागते आणि ती त्याच दिवशी पोचवायची. क्षार मोजतात त्याचा अहवाल आला की एकच आकडा आधी बघा, टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये. ५०० पर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं, त्यापुढे प्यायला नको. शिवाय तुमच्या ग्रामपंचायतीत तपासणीची पेटी आलेली असेल, गावातल्या पाच बायकांना ती वापरायला शिकवलेलंही असतं. जलसुरक्षकाला विचारा.

वाचनालयवाला | गुरुवार, सायंकाळी ६.१०

पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात होती, सील न फोडलेली. चावी ज्याच्याकडे तो लग्नाला गेलेला. म्हणून आज सकाळी कॅन भरून सरळ प्रयोगशाळेत दिली. आईच्या हातूनच भरून घेतली, तीनदा खळखळून. पैसे भरले, पावती मिळाली, आठ-दहा दिवसांनी या म्हणाले.

पावतीवर नमुना क्रमांक २७ आहे. आईला दाखवला. चष्मा लावून तिनं पावती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "हा सत्तावीस झाला. मग चौदाचं काय?"

कापूसकोंडा | गुरुवार, सायंकाळी ६.२२

आईले म्हनावं, चौदा रिचेकिंगले टाकला.